ओपिऑइड गोळ्या फॅमिली डॉक्टरांच्या मदतीने कमी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुखण्यासाठी महिनोन्‌महिने, काही जण वर्षानुवर्षं, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन किंवा ऑक्सिकोडोन यांसारखं ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक, घेत असतात. आता ते कमी करावं का, हा विचार ज्यांच्या मनात घोळतोय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. मी फॅमिली डॉक्टर आहे आणि हे प्रश्न मला रोजच्या कामात विचारले जातात. पुढे वाचण्याआधी एक विनंती: हे वाचून आजच गोळी बंद करू नका. ओपिऑइड हळूहळू उतरवायचं औषध आहे. एका झटक्यात सोडणं हाच त्यातला सगळ्यात मोठा धोका असतो.

माझी गोळी ओपिऑइड आहे हे मला कसं कळणार?

स्ट्रिपच्या मागे ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात घटकांची नावं असतात, ती वाचा. वर लिहिलेल्या नावांपैकी एखादं दिसलं तर ती ओपिऑइड आहे. पुष्कळदा ट्रॅमाडॉल किंवा कोडीन पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं आणि घेणाऱ्याला वाटत असतं की आपण साधी तापाची गोळी घेतोय. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही यातच येतं, आणि फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा त्वचेवर चिकटवायचा पॅचही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नुसतं पॅरासिटामॉल ही ओपिऑइड नाहीत.

मला गोळीचं व्यसन लागलंय का?

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात. बाकीचं बोलून होतं, माणूस उठतो, दारापर्यंत जातो आणि मग आवाज खाली करून विचारतो. त्याला किती दिवस हे मनात दाबून ठेवावं लागलं असेल, ते त्या आवाजावरूनच कळतं.

शरीराला औषध अंगवळणी पडणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे रोज ओपिऑइड घेतलं की कुणाचंही शरीर त्याला सरावतं. मग डोस चुकला की घाम येतो, अंग मोडून येतं, झोप उडते. यात चारित्र्याचा काही संबंध नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर रक्तदाब उसळतो, म्हणून आपण त्या माणसाला व्यसनी म्हणत नाही.

व्यसनाची खूण वेगळी असते. नुकसान होतंय हे दिसत असूनही घेत राहणं, ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, गोळी मिळवण्यात दिवस जाणं, तिच्यापायी काम आणि नाती मागे पडणं, आतून ओढ लागणं. मानसोपचारातल्या डीएसएम-५ या निदानपद्धतीत असे ११ निकष आहेत आणि वर्षभरात त्यांतले किमान २ दिसले तर ओपिऑइड वापराचा विकार मानतात. मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच गोळी घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत शरीराला झालेली सवय आणि गोळी चुकल्यावर होणारा त्रास, हे दोन निकष मोजायचे नसतात. नेमकं हेच दोन पाहून लोक स्वतःवर शिक्का मारून घेतात.

आणि तुमच्या बाबतीत बाकीचे निकष खरंच लागू होत असतील, तरी डॉक्टरांना सांगा. त्यावर चांगले उपचार आहेत. पुढे त्याबद्दल लिहिलं आहे.

गोळीमुळेच तर मी चालतो-फिरतो. मग ती कमी कशाला करायची?

सुरुवातीच्या दिवसांत गोळीने खरंच आराम पडलेला असतो, आणि ती आठवण पक्की बसते. पण शरीर सरावत जातं, तोच डोस कमी पडायला लागतो. काही लोकांत तर ओपिऑइडमुळे वेदनेची जाणीव उलट तीव्र होते, पूर्वी जिथे नुसतं दुखायचं तिथे आता स्पर्शही सोसवत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या प्राथमिक उपचार केंद्रांमध्ये २४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी पाठदुखी किंवा खुब्या-गुडघ्याच्या संधिवाताचं दुखणं असलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना ओपिऑइड दिलं, निम्म्यांना इतर औषधं. १२ महिन्यांनी रोजच्या हालचालीत दोन्ही गटांत फरक नव्हता आणि वेदना तर ओपिऑइड न घेणाऱ्या गटात किंचित कमी होती. हे लोक आधीपासून ओपिऑइडवर नव्हते, त्यामुळे आज गोळी घेत असलेल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. पण गोळी नसेल तर दुखण्यावर दुसरा इलाजच नाही, ही भीती त्याने थोडी सैल व्हावी.

एक रुग्ण मला कायम आठवतात. दिवसातून तीन वेळा गोळी घ्यायचे. म्हणायचे, "डॉक्टर, पहाटे चारला कंबरच मला उठवते." मी त्यांना दोन आठवडे एका वहीत तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: दुखणं कधी वाढलं, तेव्हा आधीच्या गोळीला किती तास झाले होते, आणि दुखण्याबरोबर आणखी काय होत होतं. वही आली तेव्हा पहाटेच्या ओळींमध्ये कंबरेशेजारी पुन्हा पुन्हा तेच शब्द होते: घाम, जांभया, पाय ओढल्यासारखे. रात्री नऊच्या गोळीचा अंमल त्या वेळी उतरत असायचा. कंबर दुखत होतीच, ते काही मनाचे खेळ नव्हते. पण पहाटेच्या त्या दुखण्यातला एक हिस्सा गोळी उतरण्याचा होता. त्यांनी वही स्वतःच वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कमी करायचा निर्णय त्यांनी त्या दिवशी घेतला. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

याशिवाय दीर्घकाळ घेतल्यावर होणारे बाकीचे त्रास: घट्ट बद्धकोष्ठ, दिवसभर गुंगी, तोल जाऊन पडणं, झोपेत श्वास अडखळणं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटणं, स्त्रियांत पाळी अनियमित होणं. यांपैकी कितीतरी गोष्टी लोक वयाच्या खात्यावर टाकून अंगावर काढत राहतात.

म्हणजे सगळ्यांनीच गोळी सोडायची?

नाही. कॅन्सरचं दुखणं किंवा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातलं आजारपण असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. तिथे वेदना शमवणं हेच उद्दिष्ट असतं. एखाद्याला बेताच्या डोसवर खरोखर बरं वाटतंय, काम होतंय, दुष्परिणाम नाहीत, तर तो डोस तसाच ठेवून अधूनमधून तपासत राहणं हाही योग्य उपचारच आहे.

इथे मला थोडं थांबून लिहायचंय. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दीर्घकाळच्या वेदनेसाठी ओपिऑइड जपून लिहावीत अशा शिफारशी काढल्या. हेतू चांगला होता. पण ठिकठिकाणी त्या शिफारशींचा कडक नियम झाला आणि वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांचा डोस एकदम कापला गेला. लोकांचे अतोनात हाल झाले. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामक एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला की ओपिऑइड अचानक बंद केल्याने तीव्र त्रास, असह्य वेदना, आत्महत्येपर्यंत जाणारं नैराश्य असे प्रकार घडत आहेत. २०२१ मधल्या एका मोठ्या पाहणीतही डोस कमी केलेल्या रुग्णांत ओव्हरडोस आणि मानसिक संकटाचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि कपात जितकी वेगाची तितका धोका जास्त होता. २०२२ मध्ये सीडीसीने शिफारशी सुधारल्या.

मी स्वतःही सुरुवातीच्या वर्षांत ही चूक केली आहे. एका बाईंचा डोस मी तीन आठवड्यांत निम्म्यावर आणला. कागदावर ते नीट दिसत होतं. चौथ्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. दोन महिन्यांनी कळलं की त्या ओळखीच्या कुणाकडून गोळ्या घेत होत्या. त्यांनी माझ्यावर ठेवलेला भरवसा मी घाईने घालवला होता. तेव्हापासून किती कमी करायचं हे मी सुचवते आणि पुढची पायरी कधी उतरायची हे रुग्ण ठरवतो.

किती वेगाने कमी करायचं?

वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ गोळी चालू असेल तर महिन्याला साधारण १० टक्के, किंवा त्याहूनही सावकाश. थोडेच महिने झाले असतील तर वेग जास्त ठेवता येतो.

आकड्यांत पाहू. समजा ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅमची साधी गोळी दिवसातून चार वेळा, म्हणजे रोज २०० मिलिग्रॅम. १० टक्के म्हणजे २०, पण २० ची कपात या गोळीतून काढता येत नाही. मग २५ ची करायची, म्हणजे चारांपैकी एका वेळी अर्धी गोळी. २०० वरून १७५, चार आठवडे तिथे. मग १५०, १२५, १०० असं उतरत शून्यापर्यंत ८ पायऱ्या होतात, म्हणजे ३२ आठवडे. मधे एखादं लग्नकार्य, आजारपण किंवा मुलांच्या परीक्षा आल्या की तिथे थांबायचं. वर्ष लागलं तरी काही बिघडत नाही.

आता या हिशेबात एक खोच आहे. २०० वरून १७५ म्हणजे आठवा हिस्सा कमी झाला. पण ५० वरून २५ म्हणजे थेट निम्मं. गोळी तीच अर्धी, शरीराला बसणारा धक्का मात्र चौपट. म्हणून "इतकं जमलं, आता शेवटचं तेवढं सोडून टाकते" असं म्हणणारे नेमके शेवटी अडखळतात. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात कपात लहान करायची, दोन पायऱ्यांमधलं अंतर वाढवायचं, आणि दिवसाला एकच गोळी उरली की दोन गोळ्यांमधला वेळ हळूहळू लांबवायचा.

कॅप्सूल किंवा दिवसभर सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती कधीही मोडू, चावू किंवा कुटू नका. पूर्ण दिवसाचं औषध एकदम रक्तात उतरू शकतं. अशा वेळी डॉक्टर आधी साधी किंवा कमी ताकदीची गोळी लिहून देतात.

दिवसातली कुठली गोळी आधी कमी करायची? जी सगळ्यात कमी जाणवेल ती. बहुतेकांना दुपारची सोडणं सोपं जातं आणि रात्रीची जिवावर येते. मग रात्रीची शेवटी.

कमी करताना काय त्रास होईल?

पायऱ्या लहान असतील तर पुष्कळांना दोन-चार दिवस कणकण, चिडचिड आणि तुटक झोप, एवढंच होतं. वेग जास्त झाला तर डोळ्या-नाकातून पाणी, सारख्या जांभया, घाम, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, पाय स्वस्थ न राहणं, जीव घाबरा होणं. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा त्रास शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि ४ ते १० दिवसांत निवळतो. लांब टिकणाऱ्यांचा उशिरा सुरू होतो आणि जास्त दिवस चालतो. झोप आणि उत्साह मात्र पूर्ववत व्हायला कधी कधी महिने लागतात. हे आधी माहीत नसलं की माणसाचा धीर सुटतो.

ट्रॅमाडॉल थोडं वेगळं वागतं. ते मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवरही काम करतं, त्यामुळे सोडताना काहींना अंगात वीज चमकून गेल्यासारखं होतं, मुंग्या येतात, एकाएकी धडकी भरते. घाबरू नका, पण डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा.

त्रासावर काही औषध देता येतं का?

येतं. घाम, धडधड, अस्वस्थपणा यांवर क्लोनिडिन किंवा लोफेक्सिडिन. दोन्हींनी रक्तदाब उतरतो, म्हणून अंथरुणातून झटकन उठायचं नाही. जुलाबांवर लोपेरामाइड, तेही सांगितलेल्या मात्रेतच, कारण अति घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. अंगदुखीवर पॅरासिटामॉल. पण ही औषधं रोज लागत असतील तर त्याचा अर्थ मी असा घेते की आपला वेग चुकलाय.

दुखणं वाढलं तर?

पायरी उतरल्यावर पहिले काही दिवस वाढू शकतं. बहुतेक वेळा ते जुन्या पातळीवर परत येतं. म्हणून तिसऱ्या दिवशी निकाल लावू नका, दोन आठवडे द्या.

त्याआधी मात्र दुसरे आधार उभे करायला हवेत. गोळी काढून घ्यायची आणि तिच्या जागी काहीच द्यायचं नाही, हा अन्याय आहे. संधिवाताच्या गुडघ्यावर लावायचं दाहशामक जेल, नसांच्या दुखण्यावर ड्युलॉक्सेटिनसारखं औषध, फिजिओथेरपिस्टने बसवून दिलेले व्यायाम, वेदनेबरोबर येणाऱ्या भीतीवर काम करणारं समुपदेशन. व्यायाम बेताने वाढवा. बरं वाटलं त्या दिवशी घरातली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे, हे चक्र मी घरोघरी पाहते. चांगल्या दिवशीही ठरलेलं तेवढंच करा.

मधेच जमेनासं झालं तर परत डोस वाढवायचा का?

शक्यतो वाढवू नका, आहात त्या पायरीवर थांबा. महिना, दोन महिने, जेवढे लागतील तेवढे. थांबणं म्हणजे हरणं नाही. कधी कधी एक पाऊल मागे घ्यावंच लागतं, तेही ठीक आहे, पण डॉक्टरांशी बोलून. स्वतःहून जुन्या मोठ्या डोसवर जाणं जिवावर बेतू शकतं. डोस कमी झाला की शरीराची सहन करायची ताकदही उतरलेली असते. सहा महिन्यांपूर्वी पचणारा डोस आज श्वास थांबवू शकतो.

आणि अजिबातच जमलं नाही तर?

काही जणांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी होते. गोळीने धड बरं वाटत नाही आणि कमी केली की जगणं मुश्कील. त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हा चांगला मार्ग आहे. ते स्वतः ओपिऑइडच आहे, पण मेंदूतल्या त्याच जागा अर्धवट चालू करतं. त्रास थांबतो, वेदनेलाही उतार पडतो आणि एका मर्यादेपुढे डोस वाढला तरी श्वास तेवढा दबत नाही. ते कधी सुरू करायचं याला फार महत्त्व आहे. आधीचं ओपिऑइड अंगात भरपूर असताना घेतलं तर एकदम जोराचा त्रास उसळतो, त्यामुळे वेळ डॉक्टरांनीच ठरवावी. व्यसनाचे निकष लागू होत असतील तर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या लांब टिकणाऱ्या ओपिऑइडवर बराच काळ राहणं हा पूर्ण उपचार आहे. "एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर" असं म्हणून त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

झोपेची किंवा भीतीची गोळीही चालू आहे. दोन्ही एकदम सोडू?

नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही औषधं ओपिऑइडबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, हे खरं. पण ती अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. एका वेळी एकच औषध कमी करायचं, दुसरं तोवर स्थिर ठेवायचं. नसांच्या दुखण्यावर देतात त्या गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिननेही गुंगी आणि श्वासाचा धोका वाढतो. दारू तर या काळात पूर्ण वर्ज्य.

हे फॅमिली डॉक्टरला जमेल? मोठ्या तज्ज्ञाकडे नको का जायला?

या कामाला वेळ, सातत्य आणि घरची माहिती लागते, आणि ते फॅमिली डॉक्टरकडे असतं. इंग्लंडमध्ये ६०८ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला गटात बसवून माहिती दिली आणि नर्सने एकेकट्याशी बोलून डोस उतरवायला मदत केली. दुसऱ्या गटाला पुस्तिका आणि शरीर सैल सोडण्याच्या सूचनांची सीडी दिली. वर्षभराने पहिल्या गटातल्या २९ टक्के लोकांची ओपिऑइड पूर्ण सुटली होती, दुसऱ्यातल्या ७ टक्के. वेदनेमुळे रोजच्या जगण्यात येणारा अडथळा दोन्हींत सारखाच होता. म्हणजे गोळी सुटली म्हणून हाल वाढले नाहीत. आणि हेही पाहा, इतकी मदत मिळूनही बहुतेकांची वर्षात पूर्ण सुटली नाही. तुमची सुटली नाही तर स्वतःला दोष देऊ नका. निम्मी झाली तरी तुमचा धोका कमी झालेला असतो.

डोस फार मोठा असेल, फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, पूर्वी ओव्हरडोस झाला असेल किंवा मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर तज्ज्ञांची मदत सोबत हवीच. असे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा.

मी गरोदर आहे.

स्वतःहून एकही गोळी थांबवू नका. अचानक बंद केल्याचा त्रास गर्भालाही होतो आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. आजच डॉक्टरांना सांगा.

पॅच लावते. तो अर्धा कापून लावू?

फेंटानिलचा पॅच कधीही कापू नका. कमी ताकदीचा पॅच लिहून घ्यायचा. आणि पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

घरच्यांनी काय करायचं?

गोळ्या लपवू नका, मोजत बसू नका. रुग्णाने स्वतःहून सांगितलं की "माझ्याकडे देऊ नकोस, तूच ठेव", तर जरूर ठेवा. "आज किती दुखतंय?" यापेक्षा "आज काय काय केलंस?" हे विचारलेलं लोकांना बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा अंमल तोडणारं औषध, मिळत असेल तर घरात ठेवा आणि ते कसं द्यायचं हे शिकून घ्या. माणूस हाक मारून उठत नाही, श्वास फार मंद किंवा अडखळत घोरल्यासारखा आहे, ओठ निळसर पडलेत, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात: हा ओव्हरडोस आहे. रुग्णवाहिका बोलवा, नॅलॉक्सोन द्या, कुशीवर वळवा आणि तिथून हलू नका. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि गोळीचा अंमल त्यापुढेही टिकू शकतो. म्हणून शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यायचंच.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

घरातल्या सगळ्या गोळ्या, मग त्या कुणीही लिहून दिलेल्या असोत. आणि एका कागदावर, दुखणं थोडं हाताशी आलं तर तुम्हाला काय करायचंय ते. एकांनी लिहून आणलं होतं, "नातवाला कडेवर घेऊन जिना चढायचाय." त्यांचं पुढचं सगळं नियोजन आम्ही त्या जिन्याभोवती केलं.

गोळी सुटली. उरलेल्या स्ट्रिपचं काय करू?

"असू दे एखादी, वेळप्रसंगी" म्हणून कपाटात ठेवू नका. तुमच्यासाठी ती आता पूर्वीपेक्षा जास्त धोक्याची आहे, आणि घरातल्या लहान मुलाने एक जरी गिळली तरी ते प्राणावर बेतू शकतं. औषधाच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या, नाहीतर तुमच्या डॉक्टरांना विचारा. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक राहतं. काढल्या काढल्या चिकट बाजू आत घेऊन तो दुमडायचा, आणि लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशा रीतीने लगेच त्याची विल्हेवाट लावायची.